नऊ मुलांचा वर्ग आणि तीस मुलांचा वर्ग

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या आशा सेविका आहेत. पत्र चार पानी असल्यामुळे त्यातील मुख्य भाग येथे देत आहे.

"माझी मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल. आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट 41 आणि शिक्षक दोन. साडेतीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा, आहे. तिथे सातवीपर्यंत वर्ग, पट 203, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आणि सेमी इंग्रजी आहे. या एप्रिलमध्ये दोन्ही शाळांतील तिसरीच्या मुलांचे वाचन एकाच कागदावर तपासण्यात आले. आमच्याकडे 9 पैकी 5 मुलांना गोष्ट वाचता आली, केंद्रशाळेत 30 पैकी 20 मुलांना. म्हणजे आमचे 56 टक्के आणि त्यांचे 67 टक्के. माझ्या जाऊबाई म्हणतात की आपल्या शाळेत निम्मी पोरे तांड्यावरची आणि ऊसतोडीची आहेत, त्यांच्यात बसून पोरीची भाषाही बिघडेल आणि अभ्यासही. वाडीतल्या तिघींनी दाखले काढायचे ठरवले आहे. माझी मुलगी आजही गोष्ट वाचते, पण पुढे ती मागे पडेल अशी भीती वाटते. मी काय करावे?"

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तुम्ही शेवटी, सही केल्यानंतर, दोन ओळींत लिहिली आहे. आशा सेविका म्हणून तुम्हाला घरन् घर ठाऊक आहे, त्यामुळे कोणत्या मुलाचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात हे तुम्हाला कोणाला विचारावे लागले नाही, आणि केंद्रशाळेतील आकडे तुम्ही तेथील सहकारी ताईंकडून मिळवले. तुम्ही लिहिता की तुमच्या शाळेतील तिसरीच्या 9 मुलांपैकी 5 मुले हंगामात आईवडिलांबरोबर बाहेर जातात आणि त्यांतील 2 मुलांना गोष्ट वाचता आली. केंद्रशाळेतील 30 पैकी 4 मुले जातात आणि त्यांतील एकालाच वाचता आली. माझे सगळे उत्तर या दोन ओळींवर उभे आहे.

आता कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर बसा. वर्षभर गावात राहणारी मुले आधी वेगळी काढू. तुमच्या शाळेत अशी 4 मुले उरतात आणि त्यांतील 3 वाचतात, म्हणजे 75 टक्के. केंद्रशाळेत 26 उरतात आणि त्यांतील 19 वाचतात, म्हणजे 73 टक्के. हंगामात बाहेर जाणाऱ्या मुलांमध्ये तुमच्याकडे 5 पैकी 2, म्हणजे 40 टक्के, आणि केंद्रशाळेत 4 पैकी 1, म्हणजे 25 टक्के. दोन्ही गटांत तुमची शाळा तसूभर पुढे आहे आणि तरीही एकूण बेरजेत ती 56 वर आणि केंद्रशाळा 67 वर येते. यात हिशेबाची चूक कुठेही नाही. तुमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले वर्षातील पाच महिने शाळेत नसतात आणि केंद्रशाळेतील सातांत एकही मूल तसे नसते, एवढाच या उलटफेराचा अर्थ आहे. जो आकडा तुम्ही शिकवण्याचा म्हणून वाचलात, त्यात कोण कोठून येऊन बाकावर बसते हेही मिसळलेले होते.

परंतु यावरून लगेच "माझी शाळा सरस" असे जाऊबाईंना सांगायला जाऊ नका. नऊ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 11 टक्के असते. तपासणीच्या दिवशी एक मुलगी तापाने घरी राहिली असती, तरी तुमचा आकडा कुठल्या कुठे गेला असता; तीस मुलांच्या वर्गात तेच एक मूल साडेतीन टक्क्यांहूनही कमी हलवते. चार मुलांच्या 75 टक्क्यांवर आणि सव्वीस मुलांच्या 73 टक्क्यांवर कोणताही निवाडा देता येत नाही. मी इतकेच म्हणते की 56 आणि 67 या दोन आकड्यांच्या जोरावर दाखला काढण्याचे कारण उरलेले नाही. शक्य असेल तर दोन्ही शाळांची मागील दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र पाहा, म्हणजे नवाची सत्तावीस मुले होतील आणि आकड्याला थोडा तरी भरवसा येईल.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून तुमच्या मनावरचा भार थोडा हलका होईल. "गोष्ट वाचता येणे" याचा अर्थ अशा तपासण्यांत सामान्यतः दुसरीच्या पातळीचा मजकूर न अडखळता वाचणे असा असतो. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणातही अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशाच चढत्या पायऱ्या आहेत. त्या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2022 मध्ये 16.3 टक्के होती आणि 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. ते सर्वेक्षण घरोघरी जाऊन होते आणि तुमची तपासणी शाळेत झाली, म्हणून हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बढाई मारणे योग्य नाही. पण तुमच्यासमोर एक बरी आणि एक वाईट शाळा उभी आहे असे चित्र मनात असेल, तर ते पुसून टाका.

प्रगतिपत्रकावरील श्रेणींची तुलना तर मुळीच करू नका. अ-1, अ-2, ब-1 या श्रेणी ज्या त्या शाळेचे शिक्षक आपल्याच वर्गाला देतात. एका शाळेची अ-2 आणि दुसरीची अ-2 यांत किती अंतर आहे हे मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची देखरेख करणारी अधिकारी, असताना दरवर्षी पाहत असे. केंद्रशाळेच्या भिंतीवर शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या मुलांची नावे रंगवलेली आहेत, असे तुम्ही लिहिता. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र परीक्षेला किती मुले बसवली, वर्गाचा पट किती होता आणि उरलेली मुले का बसली नाहीत, हे तेथील सरांना नम्रपणे विचारा. चाळीसच्या वर्गातून निवडून बसवलेल्या सहांपैकी तिघे यादीत आले, तर त्या तिघांची हुशारी आणि सरांची मेहनत कळते; पण तुमची मुलगी त्या सहांत असेल की उरलेल्या चौतिसांत, याचे उत्तर त्या भिंतीवर नसते.

मुलांच्या जडणघडणीविषयी, म्हणजे कोणत्या घरांतील मुले कोणत्या शाळेत आहेत याविषयी, जाऊबाई जे बोलल्या त्याकडे आता येते. हा विषय टाळून तुम्हाला उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी अठ्ठावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझी बदली एका तांड्यालगतच्या शाळेत झाली. पहिलीच्या वर्गात भिंतीवर घरातील माणसांचा तक्ता होता. मी चित्रावर छडी टेकवली आणि समोर बसलेल्या मुलीला "ही कोण?" असे विचारले. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "याडी." मी म्हटले, "नाही, आई म्हण." ती पुन्हा "याडी" म्हणाली. मी तिसऱ्यांदा दुरुस्त केल्यावर तिने मान खाली घातली आणि त्यानंतर जवळजवळ दिवाळीपर्यंत ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. त्या मुलीचे उत्तर पहिल्यांदाच बरोबर होते. बंजारा घरात आईला याडीच म्हणतात. मूल पहिलीत येते तेव्हा ते गोरमाटी बोलत असते, आणि आपण ज्या भाषेत अक्षरे शिकवतो ती मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा असते. ते मूल तिसरीत गोष्ट वाचू लागते, तेव्हा तुमच्या-माझ्या मुलीपेक्षा एक मुक्काम जास्त चाललेले असते. मला हे उमगायला वर्ष लागले. त्या वर्षाची भरपाई त्या मुलीला मी देऊ शकले नाही, याचे दुःख आजही आहे.

तुमच्या मुलीची मराठी घरात, अंगणात, तुमच्या तोंडून पक्की झाली आहे. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीकडून ती चार गोरमाटी शब्द शिकली, तर तिच्या भाषेत चार शब्दांची भर पडेल; "बिघडणे" हा शब्द येथे लागू होत नाही. जाऊबाईंच्या मनात भाषेआडून दुसरेच काही असेल, तर तेही ओळखा, कारण आपल्या गावांतून शाळा बदलण्याची कित्येक कारणे अशी आडून बोलली जातात. तुम्ही स्वतः त्या तांड्यावर गरोदर बायकांची नोंद घ्यायला जाता, त्यांच्या लेकरांना डोस पाजायला नेता. ती घरे तुम्हाला परकी नाहीत. मग त्यांची मुले तुमच्या मुलीला परकी का वाटावीत?

असे असले, तरी पटाची जडणघडण मुलांच्या शिक्षणावर परिणाम करते, हे मात्र खरे आहे, आणि तो परिणाम तुम्ही समजून घ्यायला हवा. तो जातीमुळे होत नाही, गैरहजेरीमुळे होतो. तुमच्या मुलीच्या वर्गातही यंदाच्या तिसरीसारखेच प्रमाण असेल, तर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की 9 ऐवजी 4 मुले उरतील. शिक्षक सर्वांना घेऊन पुढे जायचे म्हणतात, मग पाच मुले निघून जातात. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा भागाकार विसरलेली असतात आणि शिक्षकांना मागे यावे लागते. या मागेपुढे होण्यात वर्षभर शाळेत असलेल्या मुलांचाही वेळ जातो. चार मुलांच्या वर्गात तुमची मुलगी कदाचित एकटीच मुलगी असेल. नऊ वर्षांच्या मुलीला गणिताइतकीच लंगडीची जोडीदारीण हवी असते. पत्रात तुम्ही अभ्यासाची भीती लिहिली आहे, पण मला या एकटेपणाची काळजी जास्त वाटते. केंद्रशाळेत ही अडचण नाही, हे त्या शाळेचे निश्चित बलस्थान आहे.

पट पाहताना मुली आणि मुलगे किती आहेत, हेही पाहा. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त दिसते आणि पाहुणे त्याचे कौतुक करतात. प्रत्यक्षात अनेकदा असे झालेले असते की घरातील मुलगा सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो आणि बहीण गावच्या शाळेत राहते. तुमच्या 41 च्या पटात मुली किती हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलगे फार कमी असतील, तर गावातील पैसा बाळगणारी घरे शाळेतून आधीच निघून गेली आहेत असे समजा. अशा शाळेला आवाज उठवणारे पालक कमी उरतात, आणि छत गळले किंवा शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर पंचायत समितीत जाऊन बसणारे कोणी नसते. हे सारे आकडे शाळेत असतात. प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्याखाली दरवर्षी पट, मुले-मुली, सामाजिक प्रवर्ग, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची नोंद भरली जाते. मुख्याध्यापकांकडे ती प्रत मागा. प्रवर्गांचे आकडे हाती आले म्हणजे त्यांवरून शाळेला गुण देऊ नका. कोणत्या मुलांना घरी अभ्यास घेणारे माणूस नाही, हे समजण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे.

शिक्षकांविषयी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक मिळतात, 61 ते 90 पर्यंत तीन, आणि पुढे पट वाढेल तशी संख्या वाढते. म्हणजे तुमच्या शाळेत दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे. त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ते चांगलेही होऊ शकते, वाईटही. चांगले होते तेव्हा शिक्षक तिसरीला तोंडी काम देत असताना चौथीची मुले स्वतः काही सोडवत असतात आणि अर्ध्या तासाने ते तपासले जाते. वाईट होते तेव्हा चौथी फळ्यावरचे उतरवून घेत बसते आणि ते उतरवलेले कोणी पाहत नाही. याची परीक्षा सोपी आहे. मुलांच्या वह्या पाहा. हुशार मुलाची वही शिक्षक आपणहून दाखवतील. तुम्ही मागच्या बाकावरच्या मुलाची मागा. तीत लाल शाईची खूण आहे का, खुणेखाली तारीख आहे का, चुकलेले गणित पुन्हा करून घेतले आहे का, एवढे पाहिले तरी त्या शाळेत काय चालते ते कळते. केंद्रप्रमुख म्हणून मी ज्या ज्या शाळेत गेले तेथे आधी हेच पाहिले, आणि त्या वहीने मला फार क्वचित चुकीचे सांगितले.

दोन शिक्षकी शाळेचा धोका वेगळाच असतो. सातांपैकी एका शिक्षकाची बदली झाली तर शाळा कशीबशी निभावते. दोघांपैकी एकाची झाली आणि जागा भरली नाही, तर निम्मी शाळा बंद पडल्यासारखी होते. उरलेले सर माहिती भरणे, बैठका आणि पोषण आहाराच्या नोंदी यांत बुडतात. म्हणून तुमचा निर्णय मी आणखी दोन महिने पुढे ढकलायला सांगते. बदल्यांचे चित्र स्पष्ट होऊन जूनच्या मध्यास शाळा सुरू होईल, तेव्हा तुमच्या शाळेत दोन्ही शिक्षक प्रत्यक्ष हजर आहेत का, हे स्वतः जाऊन पाहा. दाखल्याची घाई करण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने पालकांना मुलाची शाळा बदलण्याचा अधिकार दिला आहे, मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वाडीतल्या तिघींनाही हे सांगा. आज न गेल्यास दार बंद होईल, या भीतीने कोणी जाऊ नये.

केंद्रशाळेत जाऊन याच, पण एखाद्या साध्या बुधवारी जा. प्रवेशोत्सवाच्या दिवशी रांगोळ्या असतात, 15 ऑगस्टला भाषणे असतात. साध्या दिवशी दारातल्या फलकावर पट आणि उपस्थिती खडूने लिहिलेली असते. तो आकडा वाचा, वर्गात डोकावून मोजा, आणि दुपारी खिचडीच्या पंगतीत पुन्हा मोजा. तीन आकडे जवळपास जुळले तर त्या शाळेच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. तेथील तिसरीच्या बाईंना, हंगामात बाहेर जाऊन आलेल्या चार मुलांसाठी एप्रिलमध्ये काय करता, असे विचारा. त्या चारांची नावे बाईंना चटकन आठवली, तर तुमच्या मुलीचेही नाव तेथे आठवले जाईल. तिसांच्या वर्गात हरवून जाणारे मूल नेहमीच बुद्धीने कमी असते असे नाही. अनेकदा ते शांत असते. तुमची मुलगी शांत आहे, असे तुम्ही दुसऱ्या पानावर ओझरते लिहिले आहे.

सेमी इंग्रजीविषयी थोडेच लिहिते, कारण त्याविषयी गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. सेमीमध्ये गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. ज्या मुलीला मराठीतून गणित नीट कळते तिला पाचवीत किंवा सहावीत इंग्रजी संज्ञा आत्मसात करायला काही महिने पुरतात. जिला संख्येचीच ओळख कच्ची आहे तिला कोणत्याही भाषेत ते अवघड जाते. मुलीला दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते का, हे घरी पाहा. येत असेल तर सेमीचा विचार पाचवीपर्यंत बाजूला ठेवा.

साडेतीन किलोमीटरचा रस्ता मात्र बाजूला ठेवता येत नाही. वाटेत ओढा आहे आणि पावसाळ्यात दोन-चार दिवस पाणी उतरत नाही, असे तुम्ही लिहिता. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते अशाच लहान पायांचा विचार करून. एसटीने शाळेला जाणाऱ्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत प्रवास मिळतो, पण तो पाचवीपासून. तिसरीच्या मुलीला रिक्षात कोंबून पाठवणे किंवा रोज कोणाच्या तरी मोटारसायकलीची वाट पाहणे, यात जे दिवस बुडतील ते पाहता केंद्रशाळेतील स्वतंत्र शिक्षकाचा लाभ बराचसा आटून जाईल. तुमचे कामही गावभर पायी फिरण्याचे आहे. मुलगी आजारी झाल्याचा निरोप साडेतीन किलोमीटरवरून येणे आणि हाकेच्या अंतरावरून येणे यांत फरक आहे.

तेव्हा माझे मत असे आहे की जूनमध्ये दोन्ही शिक्षक हजर असतील आणि मागच्या बाकावरच्या वहीत लाल खूण सापडली, तर मुलीला तिसरी आणि चौथी तुमच्याच गावात काढू द्या. ती आज गोष्ट वाचते, तिला शाळा जवळ आहे आणि नऊ मुलांच्या वर्गात तिच्या चुकीवर त्याच दिवशी कोणाची तरी नजर पडण्याची शक्यता आहे. पाचवीला तिला केंद्रशाळेत जावेच लागणार आहे, तेव्हा ती दोन वर्षांनी मोठी असेल, एसटीचा पास मिळेल आणि सोबतीला वाडीतल्या मैत्रिणीही असतील. पाचवीच्या अखेरीस आता वार्षिक परीक्षा असते. 2023-24 पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. म्हणून चौथीच्या शेवटी तिचे वाचन, लेखन आणि भागाकार पक्के आहेत ना, याची खात्री करून मगच तिला तेथे पाठवा. जूनमध्ये एकच शिक्षक हजर असेल आणि जुलैअखेरही दुसरे आले नाहीत, तर मात्र ओढ्याची अडचण सोसूनही केंद्रशाळेचा विचार करा. त्या वेळी मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. तुमची मुलगी शाळा टिकवण्याचे साधन नाही, आणि गावच्या शाळेवरील निष्ठेपायी तिची दोन वर्षे खर्च करण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना मला.

राहिले तिचे एकटेपण, आणि त्या पाच मुलांचे पाच महिने. या दोन अडचणींवर उपाय एकच आहे आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे. ऊसतोड कामगारांची मुले गावातच राहावीत, आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहून शाळेत यावीत आणि त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवायचे असते. तुमच्या गावात ते का झाले नाही, याचे कारण पत्रात नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा प्रस्ताव उशिरा जातो, तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात आणि कागदावरची मुले कारखान्याच्या कोपींत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांत, पोहोचलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तुम्ही तिच्यात या. तांड्यावरील एखाद्या आईलाही बरोबर आणा. वंचित घटकांतील पालकांना समितीत प्रमाणात स्थान देणे कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्या घरातून कोण जाणार, कोणाची आजी घरी राहणार, कोणत्या मुलाला मागे ठेवायला आईवडील तयार होतील, ही यादी शिक्षकांपेक्षा तुम्ही अचूक करू शकता, कारण त्या घरांत तुमचे रोजचे जाणे-येणे आहे. पाचांपैकी तीन मुले जरी गावात राहिली, तरी तुमच्या मुलीच्या वर्गात नोव्हेंबरमध्ये चाराऐवजी सात मुले असतील.

हा विषय समितीच्या जुलैच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. यादी सप्टेंबरच्या आत पूर्ण झालेली असावी, कारण दसरा झाला की मुकादम दारात येतो आणि उचल घेतलेल्या घरात मग मुलाच्या शाळेविषयी बोलायला कोणाला सवड नसते.